शेल्टरला अजून एक कुत्रं नकोय

अगं, रडलीस ते ठीकच. शेल्टर पहिल्यांदा बघून आलेलं कोण रडत नाही? पण रडण्याच्या भरात रात्री अकराला "ताई, शनिवारी दोन पिल्लं घरी आणतेय" असा मेसेज टाकलास, तेव्हा मी जरा सावरून बसले. दोन? वाकडच्या त्या वन-बीएचकेत, रूममेटला न विचारता, घरमालकाचा स्वभाव ठाऊक असताना आणि आठवड्यातले चार दिवस हिंजवडी गाठायची असताना?

रागावत नाहीये. तुला बघवलं नाही आणि काहीतरी करावंसं वाटलं, हे मला मनापासून आवडलं. म्हणूनच एकदा निवांत बसून सगळं सांगते. चहा घे आणि ऐक.

शेल्टरचं दुखणं काय आहे ते आधी समजून घे. तिथे मायेची टंचाई नाही, टंचाई आहे जागेची आणि हातांची. गणपतीला कोकणात निघालेल्या एसटीसारखी गत असते. प्रत्येक थांब्यावर चारजण चढतात, उतरत कोणीच नाही. तू बघितलेल्या एकेका पिंजऱ्यात दोन-दोन, तीन-तीन कुत्री होती ना? ते पिंजरे एकाएकासाठीच बांधलेले असतात. येणाऱ्याला नाही म्हणवत नाही म्हणून दाटीवाटी होते.

येतात कोण, तेही बघ. गाडीखाली सापडून कंबर मोडलेली. आंधळी झालेली. म्हातारी. ह्यांना बरं केलं तरी परत रस्त्यावर सोडता येत नाही, त्यामुळे ती कायमची राहतात. मग जातिवंत कुत्री. पोराच्या हट्टापायी आणलेला लॅब्रॅडॉर दोन वर्षांत नकोसा होतो. कुणाची बदली होते, कुणाकडे बाळ येतं, कुणाला एकाएकी ॲलर्जी निघते. बर्फातल्या जातीचा हस्की उन्हाळ्यात धापा टाकायला लागला की "आमच्याच्यानं होत नाही हो" म्हणून आणून सोडतात. आणि तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. पहाटे गेट उघडलं की बाहेर सफरचंदाचं खोकं. वरून भोकं पाडलेली, आत पाच-सहा पिल्लं. ठेवणाऱ्याला वाटतं, आपण पुण्य केलं.

त्यात आता कोर्टाचं प्रकरण. तू टीव्हीवर बघितलंच असशील. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. मग २२ ऑगस्टला दुसऱ्या खंडपीठाने तो हुकूम सौम्य केला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पुन्हा जिथली तिथे सोडा, फक्त रेबीज झालेली आणि आक्रमक सोडू नका, असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये आणखी एक आदेश आला. शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचला आणि तिथे परत सोडू नका, शेल्टरमध्येच ठेवा. ठेवा म्हणायला सोपं आहे. पिंजरे काय एका रात्रीत उगवतात?

गर्दी झाली की पहिला बळी पिल्लांचा जातो. पार्वो नावाचा विषाणू असतो. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हाती लागत नाही. लस पूर्ण न झालेल्या पिल्लांना तो झटकन गाठतो. जमिनीवर, भांड्यांवर, चपलांना तो महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. म्हणून सांगते, खोक्यातून आणून सोडलेली धडधाकट पिल्लं शेल्टरमध्येच आजारी पडून जातात. गल्लीत आईजवळ असती तर कदाचित जगली असती.

तेव्हा पहिली मदत हीच, की शेल्टरला विनाकारण अजून एक कुत्रं मिळू द्यायचं नाही. ऐकायला कठोर वाटेल. पण तुझ्या ऑफिसच्या ग्रुपवर दर आठवड्याला कुणीतरी फोटो टाकतं ना, "बिचारी पिल्लं, आई नाही, प्लीज कुणीतरी रेस्क्यू करा"? त्यातल्या बऱ्याच पिल्लांना आई असते. ती खायला शोधायला गेलेली असते, किंवा फोटो काढणाऱ्याला घाबरून पलीकडच्या गाडीखाली बसलेली असते. लांब उभी राहा आणि थांब. तास, दोन तास, अगदी संध्याकाळपर्यंत वाट बघ. पिल्लं गोल मटोल आणि गाढ झोपलेली असतील, तर आई दूध पाजतेय असं समज. अंगाने गार पडलेली असतील, एकसारखी किंचाळत असतील, पोटं आत गेलेली असतील, तर मात्र वाट बघू नको. आई दिसली तर तिला खायला घाल, पिल्लांवर पाऊस येणार नाही असं पत्र्याचा किंवा खोक्याचा आडोसा कर, आणि तिच्या नसबंदीची तारीख ठरवायला लाग.

मोठ्या कुत्र्यांचंही तेच. गल्लीतलं निरोगी, खाऊनपिऊन असलेलं कुत्रं "बेघर" नसतं गं. ती गल्लीच त्याचं घर असते. वडापावच्या गाडीमागची जागा त्याची, वॉचमनकाकांची खुर्ची त्याची. त्याला उचलून पिंजऱ्यात टाकणं ही दया नाही. जखमी असेल, अळ्या पडल्या असतील, तोंडातून लाळ गळत लडखडत असेल, तर फोन करायचा. तोही कसा करायचा ते सांगते. नुसतं "इथे एक कुत्रा आहे" असं नाही. नेमकी जागा, जवळची खूण, रंग, काय झालंय, चालतंय की नाही, आणि गाडी येईपर्यंत तू तिथे थांबणार आहेस का. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. गाडी ट्रॅफिकमधून तासाने पोचते आणि कुत्रं तिथे नसतं, फोन करणारी व्यक्ती फोन उचलत नाही, हे रोजचं आहे. लाळ गळणाऱ्या कुत्र्याला हात मात्र लावायचा नाही. लोकांना बाजूला ठेवायचं आणि नजर ठेवायची, बस.

आता नसबंदी. कंटाळवाणा विषय आहे, ह्याचे गोड फोटो निघत नाहीत, म्हणून लोक टाळतात. पण खरं काम इथेच आहे. कुत्रीचं गाभणपण साधारण ६३ दिवसांचं, आणि वर्षातून बहुधा दोनदा ती माजावर येते. तुझ्या सोसायटीच्या गेटवर एक कुत्री आहे म्हणालीस ना, तपकिरी? तिची वेळेवर नसबंदी झाली तर पुढच्या वर्षी किती खोकी शेल्टरच्या दारात येणार नाहीत, ते तूच मनात धर. २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे हे काम महापालिका आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचं आहे. त्या ते मान्यता असलेल्या संस्थांकडून करून घेतात. कुत्र्याला पकडायचं, शस्त्रक्रिया करून रेबीजची लस द्यायची, ओळख म्हणून कानाला छोटा काप द्यायचा, आणि उचललं तिथेच आणून सोडायचं. म्हणून आधी कान बघ. काप असेल तर काम झालेलं आहे.

तू इथे कुठे येतेस? जाळी घेऊन आलेल्या अनोळखी माणसांना बघून गल्लीतली कुत्री पसार होतात. रोज खायला घालणाऱ्या मुलीजवळ मात्र ती शेपूट हलवत येतात. म्हणून आधी पंधरा दिवस ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात खायला घाल. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात किंवा संस्थेत नोंद कर. गाडी येणार त्या सकाळी खाणं मागे ठेव, म्हणजे भुकेने ती हाताशी येतील आणि भूल द्यायलाही पोट रिकामं राहील. प्रत्येकाचा फोटो काढ. कोणत्या खांबापाशी उचललं ते लिहून ठेव आणि परत आणतील तेव्हा तिथेच सोडतायत ना हे बघायला हजर राहा. भलत्या गल्लीत सोडलेलं कुत्रं तिथल्या कुत्र्यांच्या मारामारीत जखमी होतं आणि फिरून शेल्टरलाच येतं.

खाणं घालताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. जिन्यात नाही, लिफ्टपाशी नाही, मुलं खेळतात तिथे नाही. नियमांतही तसंच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तर नेमून दिलेल्या जागेखेरीज रस्त्यावर कुठेही घालू नका असंच सांगितलंय. ती जागा सोसायटीकडून लेखी ठरवून घे. खाऊन झाल्यावर कागद, पत्रावळी उचल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू ओरडतात म्हणालीस, त्यांच्याशी भांडू नको. त्यांच्या नातवावर एकदा कुत्रं धावून गेलं असेल, तर त्यांची भीती खोटी नाही. अशा काकूंना शत्रू करून कुत्र्यांचं भलं झालेलं मी तरी बघितलेलं नाही. "काकू, ह्या सगळ्यांना रेबीजची लस दिलीय, हे बघा कार्ड" एवढं शांतपणे सांगितलंस तर निम्मी लढाई संपते. उरलेली निम्मी संपायला वेळ लागतो. लागू दे.

नामदेवांची गोष्ट आठवते ना, कुत्र्याने भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे धावलेले? भक्ती म्हणून सुंदरच आहे. पण तू तूप घालू नको बाई, कुत्र्यांना जुलाब होतात. दूधही नको. बिस्किटांचे पुडेच्या पुडे तर मुळीच नकोत, त्यात साखर आणि मैद्याखेरीज काही नसतं. भात, त्यात थोडं चिकन किंवा अंडं, चिमूटभर हळद, मीठमसाला नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट कुत्र्यांना विषासारखी. शिजवलेली हाडंही घालू नको, ती तुटून टोकदार होतात आणि आतड्यात रुततात. उन्हाळ्यात खाण्यापेक्षा पाण्याचं पसरट भांडं सावलीत ठेवलंस तरी पुष्कळ, फक्त रोज घासून पाणी बदल.

आता शेल्टरच्या आतलं बोलू, कारण तुला तिथे जायचं आहेच.

तू रविवारी दुपारी गेलीस. रविवारी सगळेच जातात. कॉलेजचे ग्रुप, वाढदिवसाचा केक घेऊन आलेली कुटुंबं, कॅमेरेवाले. एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सातला जाऊन बघ. तीन माणसं सत्तर-ऐंशी पिंजरे धूत असतात. एकजण पुढे घाण खरवडतो, मागून पाइपाचं पाणी, त्यामागून जंतुनाशक, मग खराट्याने सगळं पाणी गटाराकडे. पिंजरा ओला असताना कुत्र्याला बाहेर काढायचं, तर बाहेर धरायला कुणी नसतं. म्हणून ते आतच कोपऱ्यात पाय उचलून उभं राहतं. मागच्या शेडमध्ये हंड्यात भात आणि कोंबडीच्या माना शिजत असतात. एका फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं: अमक्याला सलाईन, तमक्याला खायचं देऊ नका, आज टाके काढायचे. कंबर मोडलेल्यांना दिवसातून तीनदा कूस बदलून द्यायची, लघवी काढून द्यायची, नाहीतर अंगाला जखमा होतात. हे करायला डॉक्टर लागत नाही. शिकवलं तर तूही करशील.

म्हणून माझं ऐक, महिन्यातून एकदा धूमधडाक्यात जाण्यापेक्षा आठवड्याचा एक वार धर. बुधवार म्हण. दोन तास. आणि जाऊन लाडच करायचे असं नाही. धू, भर, घडी घाल, फळा वाच. पट्ट्यावर चालायला शिकव. ह्याचं महत्त्व लोकांना कळत नाही. दत्तक घ्यायला आलेल्या कुटुंबापुढे जे कुत्रं पट्ट्यावर नीट चालतं, तेच त्यांच्याबरोबर जातं. जे जमिनीला पोट टेकवून बसून राहतं, ते राहतंच.

एक मुलगा येतो आमच्याकडे. एमपीएससीचा अभ्यास करतो, सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसवर राहणारा. अभ्यासिकेत मोठ्याने वाचता येत नाही म्हणून तो नोट्स घेऊन शेल्टरला येतो. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक कुत्री होती, माणूस दिसला की भिंतीकडे तोंड करून थरथरणारी. हा तिच्या दाराबाहेर पाठमोरा बसायचा, तिच्याकडे बघायचाही नाही, आणि राज्यघटनेची कलमं मोठ्याने पाठ करायचा. पहिले काही दिवस ती भिंतीलाच. मग कान इकडे वळायला लागले. मग ती वळून बसली. एका सकाळी त्याच्या पाठीला गजांमधून नाक लागलं. तेव्हा तो नागरिकांची मूलभूत कर्तव्यं वाचत होता, ज्यांत प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हेही येतं, कलम ५१ अ. तो म्हणतो, हे कलम परीक्षेत चुकणं शक्यच नाही. ती कुत्री आता चिंचवडमध्ये एका निवृत्त बाईंकडे आहे. घाबरट कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, वरून हात न्यायचा नाही, तिरकं बसायचं आणि त्याला येऊ द्यायचं. एवढंच तंत्र. पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

वस्तू द्यायच्या असतील तर आधी फोन करून विचार, "आज काय संपलंय?" आपल्याकडे दान म्हणजे घरातला नको झालेला पसारा. कापसाची गादी, उशी नेऊ नको. कुत्री ती फाडतात, कापूस गिळतात, आणि मग त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया करावी लागते. जुन्या चादरी, टॉवेल, गोणपाट चालतात. पावसाळ्यात तर सोन्याच्या मोलाचे, कारण काही वाळतच नाही. रद्दी वर्तमानपत्रं पिल्लांच्या पिंजऱ्यात रोज लागतात, तुझ्या सोसायटीतून गोळा करून दिलीस तरी मोठं काम. सलाईनच्या बाटल्या, हातमोजे, ताडपत्री, तांदूळ. हे त्यांच्या वाण्याचं किंवा औषधाच्या दुकानाचं बिल भरून दिलंस तर आणखी बरं, म्हणजे नको ते तिथे साठत नाही.

पैशांचं थोडं रोखठोक बोलते. वाढदिवसाला पाच हजार दिलेस तर चांगलंच. पण दर महिन्याला तीनशे दिलेस तर त्यांना पुढच्या महिन्याचा पगार धरता येतो. धुणारी ती तीन माणसं पगारीच आहेत ना? सगळे म्हणतात, आमचे पैसे कुत्र्यांवरच खर्च करा, पगारांवर नको. मग पिंजरे कोण धुणार? देण्याआधी मात्र बघून घे. खातं संस्थेच्या नावाचं आहे का, कुणाच्या वैयक्तिक नावाचं? पावती देतात का? प्रत्यक्ष येऊन बघू देतात का? समाजमाध्यमांवर एकाच रक्ताळलेल्या कुत्र्याचा फोटो वेगवेगळ्या नावांनी फिरतो आणि खाली कुणाचातरी मोबाईल नंबर. रात्री बाराला डोळ्यांत पाणी असताना पैसे पाठवायचे नाहीत, सकाळी चौकशी करून पाठवायचे. आणि करसवलतीच्या आशेवर असशील तर, नव्या करप्रणालीत देणग्यांची वजावट मिळत नाही, हेही ठाऊक असू दे.

तुझ्या हातात असलेली खरी कला म्हणजे तू लिहितेस छान. शेल्टरच्या पोस्टी बघितल्यास? "बिचारा, नशिबाचा मारलेला, कुणीतरी ह्याला घर द्या." अशाने लाइक मिळतात, घर मिळत नाही. घर देणाऱ्याला दुसरंच काही विचारायचं असतं. मांजराबरोबर जमतं का? एकटा राहिला तर भुंकतो का? जिने चढतो का? लहान मुलांबरोबर कसा आहे? आठवड्यातून एका कुत्र्याबरोबर अर्धा तास बस आणि हेच लिही. "मोती, वय साधारण चार. नसबंदी आणि लसी झालेल्या. पट्ट्यावर चालते, दुपारी झोपते, कुकरच्या शिट्टीला घाबरते, पोहे आवडतात पण मागत नाही." फोटो पिंजऱ्याच्या गजांतून नको, बाहेर उजेडात, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढ. काळ्या कुत्र्यांचा तर मुद्दाम सकाळच्या उन्हात, नाहीतर फोटोत दोन डोळेच दिसतात. आणि माद्यांसाठी जरा जास्त जोर लाव. "नर आहे का? मग बघू" असं विचारणारे फोन मी इतके ऐकलेत, की काय सांगू. मादी नको, कारण पिल्लं होतील म्हणे. नसबंदी झाल्यावर कुठली पिल्लं? पण पिढ्यान्‌पिढ्यांची खोड आहे ती, मुलींच्या बाबतीतही कुठे लवकर गेली?

आता तुझ्या मनात आहे त्या विषयावर येते. घरी आणणं.

दत्तकच घ्यायचं असं नाही. फॉस्टर म्हणून ठेवता येतं. तात्पुरतं. एखाद्याचे टाके सुटेपर्यंत, पिल्लाच्या लसी पूर्ण होईपर्यंत, किंवा घर मिळेपर्यंत. एक कुत्रं दोन-तीन आठवडे तुझ्याकडे राहिलं तर तिथला एक पिंजरा मोकळा होतो, आणि घरात ते कसं वागतं हेही कळतं. मी सांगितलं ना, पोस्टीत तेच लिहायचं असतं. तुझ्यासारख्या भाड्याच्या घरात राहणारीला हे जास्त झेपेल. पण त्याआधी रूममेटशी बोल आणि घरमालकाचं हो लेखी घे. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं सांगतात. पण घरमालकाशी तुझा करार वेगळा. त्याने मधेच काढलं तर तू आणि कुत्रं दोघंही रस्त्यावर. संस्थेकडूनही लिहून घे: औषधाचा खर्च कुणाचा, रात्री काही झालं तर फोन कुणाला, आणि किती दिवसांसाठी. हे तिसरं विचारायला लोक संकोचतात, मग महिने जातात आणि दोन्हीकडे कुरकुर सुरू होते.

पुढेमागे दत्तक घ्यायची वेळ आली तर पिल्लू घेऊ नको, असं माझं स्पष्ट मत आहे. पिल्लू गोड असतं, पण ते दर दोन तासांनी शू करतं, चपला खातं आणि त्याला एकटं ठेवता येत नाही. तू दहा तास बाहेर. तीन-चार वर्षांचं, शांत, मोठं कुत्रं बघ. मोठ्यांना कोणी विचारत नाही, आणि नोकरी करणाऱ्यांसाठी तीच योग्य. एकावेळी एकच. आणल्यावर पहिले काही दिवस ते पलंगाखालून बाहेर येणार नाही, कदाचित खाणारही नाही. घाबरून जाऊ नको आणि पाहुणे बोलावू नको. रुळायला आठवडे लागतात, घर आपलं वाटायला काही महिने. सुरुवातीला बाहेर नेताना दोन पट्टे, एक गळ्याचा आणि एक अंगाचा. नवीन कुत्री दार उघडं दिसलं की सुसाट पळतात, दिवाळीच्या फटाक्यांत तर जुनीसुद्धा. गळ्यात तुझा फोन नंबर असलेला बिल्ला पहिल्याच दिवशी घाल. हरवून शेल्टरला पोचलेली कितीतरी कुत्री केवळ नंबर नसल्यामुळे परत घरी जाऊ शकत नाहीत. महापालिकेचा परवानाही काढून घे.

आणि विकत घेण्याच्या भानगडीत कुणी मैत्रीण पडत असेल तर तिला माझ्याकडे पाठव. पिल्लं पैदा करून विकणाऱ्यांसाठी २०१७पासून नोंदणीचे नियम आहेत. पण घराच्या मागच्या खोलीत चालणारा धंदा कोण बघतो? तिथून निघालेली निम्मीशिम्मी हौस शेवटी आमच्या दारात येते.

कधीतरी जुन्या मुंबईचा इतिहास वाच, करमणूक होईल. १८३२मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायला सुरुवात केली म्हणून तिथे दंगल झाली होती, पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती. पुढे दोनच वर्षांत जमशेटजी जीजीभॉय वगैरेंच्या पुढाकाराने मुंबईत पांजरापोळ उभी राहिली. म्हणजे कुत्र्यांचं काय करायचं हा वाद आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षं चालू आहे. तू एका शनिवारात तो मिटवू नको.

तुझ्या जिवाचं आता. दिवसाआड कुत्र्यांत वावरणार असशील तर रेबीजच्या प्रतिबंधक लसी आधीच घेऊन ठेव, डॉक्टरांना विचारून. चावलं किंवा ओरखडलं तर पहिलं काम, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही, आजी काय वाट्टेल ते सांगू दे. मग लगेच दवाखाना, सरकारी रुग्णालयात लस फुकट मिळते. "पाळलेलं आहे", "पिल्लूच तर आहे" असं म्हणून टाळायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. आणि खोल जखमेला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते डॉक्टरांना स्वतःहून विचार.

एखादं जाईल. आदल्या आठवड्यात तू ज्याला भरवलंस, त्याचा पिंजरा पुढच्या बुधवारी धुवून वाळत असेल. त्यावर मी काही शहाणपण सांगणार नाही. मला फोन कर, किती वाजले ते बघू नको.

हं, आणि कपडे. जुनी जीन्स, बंद बूट, केस बांधून. ओढणी घरी ठेव, तिला धरून खेळतात. तिथले बूट वेगळेच ठेव आणि घरात आणू नको, पार्वोचं सांगितलंच. मी बुधवारी साडेसहाला डांगे चौकात येते. डबा मी आणते, तुझ्याकडची रद्दी तेवढी खाली आणून ठेव.